रद्द फिल्म

मोठ्या डॉक्टरांना नव्वदच्या पुढचा आकडा हवा होता. ब्याण्णव चालले असते, पंच्याण्णव मिळाले तर दुधात साखर, आणि त्यांचा एकूण स्वभाव पाहता शंभरालाही त्यांनी नाही म्हटलं नसतं. जन्मापासून खुबा सरकलेल्या मुलांवर त्यांनी वीस वर्षं उपचार केले होते. कुणाला पट्टे, कुणाला कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर, कुणाला सरळ ऑपरेशन. आता त्या मुलांच्या एक्स-रे फिल्म मोजून किती खुबे चांगले झाले ते त्यांना एका मोठ्या परिषदेत सांगायचं होतं. परिषदेला महिना बाकी होता. भाषण मात्र लिहून तयार होतं, फक्त टक्क्यांची जागा मोकळी सोडली होती.

हे एक्स-रे खोलीत कळलं तेव्हा कंपासबाई नाकातून हसल्या. म्हणाल्या, "आधी पेढे वाटा, मग परीक्षा घ्या."

कंपासबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एप्रनच्या खिशात त्या शाळकरी पोरांची असते तशी पत्र्याची कंपासपेटी बाळगत. तिच्यात कोनमापक, सहा इंची पट्टी, टोक काढलेल्या दोन पेन्सिली आणि एक खोडरबर. अठ्ठावीस वर्षं मुलांच्या खुब्यांच्या फिल्म काढून त्यांचा हात असा बसला होता, की लाथा झाडणारं, आईच्या गळ्याला चिकटलेलं पोर त्या दोन मिनिटांत टेबलावर सरळ आडवं करत. आणि फिल्म अशी येई, की मधोमध घडी घातली तर डावं उजव्यावर नेमकं बसावं. बाहेरचे डॉक्टर ती उजेडासमोर धरून विचारत, कुणी काढली ही? बाईंना हे ठाऊक होतं आणि इतरांना त्या ते विसरू देत नसत.

त्यांच्या मते हॉस्पिटलात दोनच प्रकारची माणसं होती. ज्यांना फिल्म काढता येत नाही ती, आणि ज्यांना फिल्म वाचता येत नाही ती. डॉक्टर दुसऱ्या प्रकारात. मुलांचे आईबाप कुठल्याच प्रकारात नव्हते, ते नुसते मधे मधे करायला येत.

मधे मधे करणाऱ्यांत सगळ्यात वरचा नंबर होता बुटवालीचा. ही बाई एका बेकरीच्या काउंटरवर दिवसभर उभी असायची. तिची मुलगी आठ वर्षांची, घरातलं नाव भिंगरी. दीड वर्षाची असताना भिंगरीचा डावा खुबा मोठ्या डॉक्टरांनी जागेवर बसवून प्लास्टरमध्ये घातला होता. तेव्हापासून दर वर्षी एक फिल्म, दर वर्षी 'उत्तम'चा शेरा. गेल्या वर्षी ही आई पिशवीतून मुलीचे जुने बूट घेऊन आली. टेबलावर ते उपडे ठेवून म्हणाली, "डॉक्टर, सकाळी ही बरी चालते हो. पण संध्याकाळी शाळेतून येते तेव्हा एका बाजूला झुकलेली असते. हे बघा, एकाच बुटाची एकच कड झिजलीय."

मोठ्या डॉक्टरांनी बुटांकडे पाहिलंसुद्धा नाही. फिल्मवर बोट ठेवून म्हणाले, "फिल्म उत्तम आहे. बूट बुटाच्या दुकानात दाखवा."

सगळे हसले. कंपासबाई तर जास्तच. आणि वर त्यांनी त्या आईला अक्कलही शिकवली, "अहो आई, डोळे सगळ्यांनाच असतात. कोन मोजायला शिकावं लागतं." बुटवालीने बूट परत पिशवीत घातले, पिशवीला गाठ मारली आणि मुलीचं बोट धरून निघून गेली. तिचं 'बुटवाली' हे नाव त्याच दिवशी पडलं. ठेवलं कुणी ते सांगायला नको.

तर आता अभ्यासाचं घोडं अडलं होतं ते एका नियमावर. फिल्म दोघांनी मोजायच्या, वेगवेगळ्या बसून, एकमेकांचे आकडे न बघता. पहिला मोजणारा होता मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालचा एक तरुण डॉक्टर. तो उन्हाळ्यातसुद्धा टाय लावायचा म्हणून सगळे त्याला टायवाला म्हणत. दुसरा मोजणारा रजेवर गेला होता. तेव्हा टायवाला एका सकाळी लॅपटॉप छातीशी धरून एक्स-रे खोलीत आला.

"ताई, सरांनी तुमचं नाव घातलंय. दुसऱ्या वाचणाऱ्या म्हणून."

"म्हणजे माणूस मिळाला नाही म्हणून माझी आठवण झाली."

"तसं नाही हो. अठ्ठावीस वर्षांचा अनुभव आहे तुमचा. सर म्हणाले, बाईंचा हात म्हणजे..."

"मला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका, माझे गुडघे दुखतात. काय करायचंय ते बोला."

टायवाल्याने दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुम्हाला काही त्रास नको म्हणून मी माझे आकडे आणलेत. एकशेबारा मुलं आहेत. तुम्ही फक्त समोर तुमचे लिहा. एखादा अंश इकडेतिकडे करा ताई, अगदी तंतोतंत आले तर संशय येतो."

कंपासबाईंनी त्याच्या टायपासून बुटापर्यंत नजर फिरवली. एवढी वर्षं शिकून, रात्रंदिवस पुस्तकं उपसून ह्या पोराने हेच दिवे लावले होते. "हा कागद उचला," त्या म्हणाल्या, "आणि पाकिटं पाठवून द्या. सगळी."

"सगळी? ताई, त्यात आठवडा जाईल."

"तुमचा जाणार आहे का? माझा जाईल."

तर पाकिटं आली. खाकी, कडा विरलेली, त्यांवर जन्मतारखा आणि चहाच्या कपांचे गोल डाग. दुपारच्या सुट्टीत आणि पाळी संपल्यावर तासभर असं करत बाई मोजायला बसल्या. काम अवघड नव्हतं, नेटाने करायचं होतं एवढंच. खुब्यात एक वाटी असते आणि मांडीच्या हाडाचा गोळा त्या वाटीत बसतो. वाटीची वरची कड गोळ्यावर छपरासारखी आलेली असते. ते छप्पर गोळ्याच्या मध्यापासून किती बाहेर आलंय त्याचा कोन काढायचा. ह्या वयाच्या मुलांत वीस अंश किंवा वर आला तर खुबा चांगला. पंधराच्या खाली गेला तर गोळा छपराबाहेर निसटतोय, आज ना उद्या हाड झिजणार आणि पोर ऐन तिशीत जिना चढताना कठड्याला धरून उभं राहणार.

पहिल्या चार दिवसांत बाईंचा तोरा वाढतच गेला. टायवाला मोजतो कसा ते त्यांनी एकदा खांद्यावरून पाहिलं होतं, गोळ्याचा मध्य तो निव्वळ अंदाजाने टिचकी मारून ठरवायचा. तरी बाईंच्या मापातही आकडे चांगलेच येत होते. बावीस, चोवीस, एकवीस, सव्वीस. बाईंना मनोमन वाटलं, मोठ्या डॉक्टरांची शेखी अगदीच पोकळ नाही म्हणायची. आणि एकेक फिल्म बघताना त्याहून जास्त वाटलं, की काय देखण्या फिल्म काढल्यात आपण. एक तिरकी नाही, एकीवर हललेला धूसरपणा नाही.

पाचव्या दिवशी भिंगरीचं पाकीट निघालं. बाई हसल्या. बुटवालीला येत्या गुरुवारी शेवटच्या फिल्मसाठी बोलावलेलं होतं हे त्यांना ठाऊक होतं. आठवं वर्ष पुरं झालं आणि फिल्म चांगली आली की मोठे डॉक्टर फाइलवर 'बंद'चा शिक्का मारत, मग ते मूल पुन्हा यायचं नाही. बुटांची कटकट सुटणार म्हणून बाईंना बरंच वाटलं.

पाकिटात असायला हव्या होत्या सात फिल्म. निघाल्या आठ. आठवी दुसऱ्या एकीला मागून चिकटली होती. वेगळी करून धरली तर कोपऱ्यात तांबड्या शाईत बाईंच्याच हाताने लिहिलेलं होतं, 'रद्द'.

ही चालेलरावांची करणी होती. चालेलराव म्हणजे दुपारपाळीचा एक्स-रे काढणारा. फिल्म तिरकी आली तर म्हणायचा चालेल, पुसट आली तर चालेल, डाव्या बाजूची खूण उजवीकडे लागली तरी, बघा जरा, चालेल ना? तीन वर्षांपूर्वी बाई एक दिवस रजेवर होत्या तेव्हा भिंगरीची फिल्म त्याने काढली होती. दुसऱ्या दिवशी बाईंनी ती पाहिली आणि कपाळावर हात मारला. कमरेचं हाड एका बाजूला कललेलं, एक पाय इकडे, एक तिकडे. त्यांनी बुटवालीला परत बोलावून घेतलं, स्वतः नवी फिल्म काढली, आणि चालेलरावांचे हे प्रताप महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितले. रद्द फिल्म खरं तर कचऱ्यात जायची. ही कशी राहिली कोण जाणे.

"बघू तरी रावांनी काय कोन काढलाय," असं म्हणून बाईंनी गंमत म्हणून कोनमापक लावला. बारा आला.

मग त्यांनी दुसऱ्या दिवशीची आपली फिल्म मोजली. बावीस.

बाईंना हसू आलं नाही. तिरक्या फिल्मवर कोन चुकतो, हे त्यांचं स्वतःचंच वाक्य. पण कंबर कलली असेल तर कललेल्या रेघेवरूनच मोजायचं असतं, मग तिरकेपणाचा प्रश्न उरत नाही. त्यांनी तसं मोजलं. बारा. पेन्सिलीला नवं टोक काढून पुन्हा मोजलं. साडेअकरा. एका दिवसात कुठल्याही मुलाच्या हाडाचं छप्पर दहा अंशांनी वाढत नाही. देवाने ठरवलं तरी नाही.

मग फरक कशाचा? त्यांनी दोन्ही फिल्म उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावल्या. चालेलरावांच्या फिल्मवर पोरीचे पाय जसे पडले तसे होते. त्या आळशी माणसाने त्यांना हातसुद्धा लावला नव्हता. बाईंच्या फिल्मवर डावा पाय थोडा बाहेर होता, पाऊल किंचित आत वळवलेलं, आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला एक अंधूक सरळ कड दिसत होती. ती वाळूच्या पिशवीची सावली होती.

त्या सावलीकडे बघता बघता बाईंना सगळा उलगडा झाला. आजारी बाजूचा पाय आत कलतो, त्यामुळे फिल्म वेडीवाकडी दिसते. म्हणून ते पोर टेबलावर आलं की बाई तो पाय हलकेच बाहेर ओढत, पाऊल वळवत, आणि सुटू नये म्हणून आतून वाळूची पिशवी टेकवून ठेवत. कंबर सरळ, दोन्ही बाजू सारख्या, फिल्म देखणी. हा त्यांचा हातखंडा होता. कुणी शिकवला नव्हता, त्यांनी स्वतः शोधून काढला होता. आणि पाय असा बाहेर ओढून वळवला की निसटू बघणारा गोळा मुकाट्याने छपराखाली जाऊन बसतो. फिल्म काढेपर्यंत बसतो. पोर टेबलावरून उतरून दाराबाहेर पडलं की पुन्हा निसटतो. हे बाईंना माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? पहिल्याच वर्षी शिकतात ते.

राग आला तो आधी चालेलरावांचा. नेमकी हीच फिल्म त्या गलथान माणसाने खरी काढावी, म्हणजे कमालच. मग टायवाल्याचा आला, मोठ्या डॉक्टरांचा आला. एवढे मोठे झाले पण पिशवीची सावली कुणाला दिसली नाही. दिसणार कशी, टक्के दिसत होते ना. आणि ह्या सगळ्यांना पोटभर शिव्या देऊन झाल्यावर बाईंना त्या खोलीत दुसऱ्या कुणावर रागवायला माणूसच उरला नाही. लाज वाटली त्यांना. अशी, की उजेडाची पेटी त्यांनी विझवून टाकली.

त्या दिवशी त्या उशिरापर्यंत बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र सगळी पाकिटं पुन्हा उघडली आणि कोन नाही, नुसत्या सावल्या मोजल्या. एकशेबारा मुलांपैकी एक्केचाळीस जणांच्या फिल्मवर गुडघ्याजवळ ती सरळ कड होती. त्या एक्केचाळीस खुब्यांचं खरं काय ते कुणीच सांगू शकत नव्हतं. त्यांच्या रद्द फिल्म बाईंनी वेळच्या वेळी कचऱ्यात टाकल्या होत्या, टापटिपीची बाई ना.

त्यांनी टायवाल्याला गाठलं. त्याने दोन्ही फिल्म पाहिल्या, चटकन समजला. पोरगा मूर्ख नव्हता, तेच तर वाईट होतं. "पण ताई, रद्द फिल्म अभ्यासात घेत नाहीत," तो म्हणाला. "नियम आहे."

"रद्द मी केलीय. मीच म्हणतेय की ती खरी आहे."

"मग गुरुवारी ती मुलगी येणारच आहे ना. नवी फिल्म काढा, नेहमीसारखी. बावीस आला की विषय संपला. उगाच कशाला ताई? दोन वर्षांत तुम्ही रिटायर होणार."

हे मात्र खरं होतं. आणि नेहमीसारखी काढली तर बावीस येणार हेही खरं होतं. शिक्का पडणार, फाइल बंद होणार. पोरीचं हाड वाढतंय तोवर छप्पर पुढे आणायचं ऑपरेशन करता येतं. वाढ थांबली की ते तसं जमत नाही. म्हणजे गुरुवारची फिल्म चुकली तर भिंगरीकडे पुन्हा कुणी बघणार ते तिला कायमचं दुखायला लागल्यावर.

गुरुवारी बुटवाली आली. ह्या वेळी पिशवी नव्हती, तिने गेल्या वर्षीच धडा घेतला होता. तिने चिठ्ठी पुढे केली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, दोन्ही खुबे, एक फिल्म. भिंगरी सवयीने टेबलाकडे गेली.

"वर चढू नकोस," बाई म्हणाल्या. "इथे ह्या फळीसमोर उभी राहा."

"झोपायचं नाही?"

"नाही."

"आणि ती गार पिशवी?"

"पिशवी नाही. दोन्ही पायांवर उभी राहा. नेहमी राहतेस तशी."

"नेहमी राहते तशी राहिले की आई म्हणते नीट उभी राहा," भिंगरी म्हणाली. पण राहिली तशी. कंबर डावीकडून वर आली, उजवा खांदा खाली गेला. अठ्ठावीस वर्षांची सवय बाईंच्या हातात शिवशिवली, पोरीला दोन बोटांनी सरळ करावं म्हणून. त्यांनी दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले, काचेमागे गेल्या आणि बटण दाबलं. चिठ्ठी एका फिल्मची होती, एकच काढली.

कोन दहा आला.

बाईंनी आईला बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि ती फिल्म, रद्द फिल्म आणि कंपासपेटी घेऊन मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. टायवाला तिथे होताच, भाषणाची चित्रं दाखवत होता. बाईंनी सगळं सांगितलं. पाय कसा ओढतात, पिशवी कुठे ठेवतात, सावल्या किती. सारवासारव केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी इतकं बोलताना कुणाची टर उडवली नाही.

ऐकून झाल्यावर पहिला प्रश्न मोठ्या डॉक्टरांनी काय विचारावा? "ही फिल्म उभं करून काढलीत?"

"हो."

"बाकीच्या सगळ्या झोपवून आहेत. मग ही अभ्यासात बसत नाही. हिला वगळा."

टायवाल्याने लगेच लॅपटॉपवर बोटं चालवली. त्याचा चेहरा उजळला. "सर, ही धरली तर एकशेबारात एकशेआठ चांगले होते, शहाण्णव पूर्णांक चार. वगळली तर एकशेअकरात एकशेसात. तरी शहाण्णव पूर्णांक चारच राहतात."

"बघा," मोठे डॉक्टर म्हणाले. जणू काही खुबाच बरा झाला.

कंपासबाईंना वाटलं, ह्या दोघांना त्या टेबलावर आडवं करावं आणि दोन्ही बाजूंनी पिशव्या लावाव्यात. पण त्या एवढंच म्हणाल्या, "आणि एक्केचाळीस?"

"बाई, तुम्ही काय म्हणताय ते तुम्हाला कळतंय का? तुम्ही स्वतः काढलेल्या फिल्म खोट्या आहेत असं म्हणताय. खापर कुणावर फुटेल?"

"माझ्यावर. लिहूनच आणलंय." त्यांनी घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला. त्यावर एक्केचाळीस पाकिटांचे नंबर होते आणि खाली सही. "ही मुलं परत बोलवा. दुसरी वाचणारी म्हणून माझं नावही काढा. मी मोजलंय ते खरं मोजलंय, पण काढलंय ते खरं नाही."

डॉक्टरांनी कागदाला हात लावला नाही. पण भिंगरीची उभी फिल्म मात्र त्यांनी पेटीवर लावली आणि जवळ वाकून पाहिली. कितीही मिजासखोर असला तरी माणूस सर्जन होता. गोळा कुठे आहे आणि छप्पर कुठे संपतंय, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. शेवटी त्यांनी पेनचं टोपण काढलं.

"छपराचं ऑपरेशन लागेल," ते म्हणाले. "पाच वर्षांची असती तर सोपं गेलं असतं. आता मोठं करावं लागेल, पण वेळ गेलेली नाही. पुढच्या महिन्यात घेऊ." त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि फाइलवर शिक्का मारला नाही. मग एक्केचाळीस नंबरांचा कागद उचलून त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला. "ह्याचं परिषदेनंतर बघू."

"त्याची एक प्रत मी हॉस्पिटलच्या मुख्य कचेरीत देऊन आलेय," बाई म्हणाल्या. "सकाळीच."

टायवाल्याच्या हाताला टायची गाठ सैल करायची आठवण झाली. मोठे डॉक्टर बाईंकडे बघत राहिले, आणि त्यांच्या तोंडावर पहिल्यांदाच टक्क्यांची काळजी दिसली. बाईंना त्यात फार मजा वाटायला हवी होती. वाटली नाही. चिठ्ठी घेऊन त्या बाहेर आल्या.

बुटवाली बाकावर बसली होती. भिंगरी समोरच्या फरश्यांवर रेघ न शिवता उड्या मारत होती आणि डाव्या पायावर आली की दर वेळी थोडी लचकत होती. बाईंनी पाहिलं. आता तर न मोजताही दिसत होतं.

त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. चिठ्ठी दिली, ऑपरेशन काय ते सांगितलं, दिवस किती लागतील, प्लास्टर किती आठवडे, शाळा किती बुडेल. आई लक्ष देऊन ऐकत होती, बोटांवर आठवडे मोजत होती. मग तिने विचारलं, "पण दर वर्षी तर चांगली म्हणत होते. एकदम कशी बिघडली?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. वाढीच्या वयात असं होतं कधी कधी, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. इथले सगळे तसंच म्हणत.

"बिघडली नाही," त्या म्हणाल्या. "आधीपासून तशीच होती. फिल्म काढताना मी तिचा पाय बाहेर ओढून धरत होते, फिल्म नीट दिसावी म्हणून. त्यामुळे खुबा बसलेला दिसायचा. तुम्ही सांगत होतात ते बरोबर होतं."

आईने उड्या मारणाऱ्या भिंगरीकडे पाहिलं.

"हे आधी कळलं असतं का?"

"तीन वर्षांपूर्वी. एक फिल्म दुपारपाळीच्या माणसाने काढली होती, तीत दिसत होतं. मी ती रद्द केली."

"का?"

"तिरकी होती."

बाईंना वाटलं, ही आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, कंपासबाई कुणाच्याही ओरडण्याला पुरून उरल्या असत्या. पण ती आई उठली, चिठ्ठीची चार घड्या करून तिने पर्समध्ये ठेवली आणि मुलीला हाक मारली. भिंगरी आली आणि आईच्या हाताला लोंबकळत उभी राहिली, सगळा भार उजव्या पायावर टाकून.

"ऑपरेशननंतर पुन्हा फिल्म काढायला लागेल ना?"

"लागेल. दर तीन महिन्यांनी."

"त्या दुपारच्या माणसाकडूनच काढून घेईन मी," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. बेकरीत गिऱ्हाईकाला शिळा पाव नको असतो तेव्हा ते सांगतं तसं तिने सांगितलं.

कंपासबाईंनी मान हलवली.

"ते दोन वाजता येतात," त्या म्हणाल्या. "त्याच्या आधी येऊ नका. आधी मी असते."